शिक्षकांना आधार: प्रशिक्षण, वर्गातला सराव आणि कामाचा ताण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्याध्यापक, मार्गदर्शक म्हणून काम करणारे ज्येष्ठ सहकारी आणि रोज वर्गावर उभे राहणारे शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, मग अडचणीच्या जागा. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची गरज पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. 'शिक्षकांना आधार द्या' असं सगळेच म्हणतात. त्यात नेमकं काय येतं?

शिकवण्याचं कौशल्य वाढवण्याची संधी, ते कौशल्य वर्गात वापरून पाहताना मिळणारी सोबत, आणि या दोन्हींसाठी लागणारा वेळ. या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. रोज संध्याकाळी दोन तास वह्या तपासणाऱ्या शिक्षकाने नवी पद्धत शिकून घेतली, तरी ती हातात बसवायला त्याला उसंत नसते. ज्याचा ताण वर्ग हाताबाहेर जाण्यातून येतो, त्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून तो ताण उतरत नाही. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: नवं काही मागण्याआधी जुनं काहीतरी काढून घ्या, आणि जे मागाल ते पुढच्या आठवड्याच्या तासात करता येईल इतकं लहान ठेवा.

२. प्रशिक्षण छान झालं, सगळ्यांना आवडलंही. मग वर्गात काहीच का बदलत नाही?

कारण वर्गातलं शिक्षकाचं बरंचसं वागणं सवयीने चालतं. प्रश्न विचारल्यावर किती थांबायचं, कोणाकडे बघायचं, गलका वाढला की काय म्हणायचं, हे निर्णय एका तासात शेकडो वेळा होतात आणि ते विचार करून होत नाहीत. व्याख्यान ऐकून माहिती बदलते, सवय तशीच राहते.

अमेरिकेतले ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात प्रशिक्षणाचे घटक वेगळे करून पाहिले: तात्त्विक माहिती, प्रात्यक्षिक, सराव, त्यावरचा अभिप्राय आणि नंतर वर्गात मिळणारी सोबत. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या चार घटकांनी कौशल्य समजतं आणि जमूही लागतं, पण ते रोजच्या वर्गात उतरायला पाचवा घटक लागतो. नेमका तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो, कारण त्याला सभागृह नाही, वेळापत्रकात जागा लागते.

प्रशिक्षण तुमच्या हातात असेल तर शेवटची ३० मिनिटं अशी वापरा:

- प्रत्येकाने पुढच्या आठवड्यातला एक ठरावीक तास निवडावा. इयत्ता, विषय, वार लिहावा.
- बदल 'जेव्हा… तेव्हा…' अशा वाक्यात लिहावा. 'जेव्हा माझा प्रश्न विचारून होईल, तेव्हा मी मनात तीनपर्यंत मोजेन आणि मगच नाव घेईन.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात असा प्रसंगाला जोडलेला संकल्प नुसत्या 'मी सहभाग वाढवेन' यापेक्षा जास्त वेळा पार पडतो.
- सहकाऱ्यांना विद्यार्थी करून ती कृती तीन-चार वेळा मोठ्याने करावी. सुरुवातीला सगळे संकोचतात, ते स्वाभाविक आहे. पण चूक इथे होऊ द्यावी, वर्गात नको.
- सात दिवसांच्या आत तो तास कोण पाहणार, हे तिथेच ठरावं.

३. वर्षभरात किती प्रशिक्षण पुरेसं?

तासांपेक्षा विषयांची संख्या महत्त्वाची. वर्षात आठ वेगवेगळ्या विषयांवर आठ कार्यशाळा घेण्यापेक्षा दोन विषय घ्या आणि प्रत्येकाला एक सत्र, म्हणजे शैक्षणिक वर्षाचा अर्धा भाग, द्या. दर दोन आठवड्यांनी एक चक्र: ४५ मिनिटांची बैठक, वर्गात वापर, १५-२० मिनिटांचं निरीक्षण, छोटी चर्चा. एका सत्रात अशी सहा-सात चक्रं बसतात आणि तेवढ्यात सवय धरू लागते.

मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली अशा वैयक्तिक मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या दर्जात सरासरी ०.४९ प्रमाण विचलनाची (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारं माप) आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत ०.१८ची वाढ दिसली. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की कार्यक्रम जसा मोठा होतो तसा परिणाम आटत जातो. म्हणून शंभर शिक्षकांना एकदम घेऊ नका. दहा जणांपासून सुरू करा, त्यांतले तीन जण पुढच्या वर्षी मार्गदर्शक होतील असं पाहा.

४. एका वेळी एकच गोष्ट सुधारायची, तर सुरुवात कुठून करावी?

वर्ग सुरूच होत नसेल, तर आधी प्रश्न ६ पाहा. वर्ग बऱ्यापैकी चालत असेल, तर प्रश्न विचारल्यानंतरच्या थांबण्यापासून सुरुवात करा. त्याला साहित्य लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती मोजल्या, तेव्हा प्रश्न आणि शिक्षकाची पुढची हालचाल यांत सरासरी एक सेकंदाच्या आसपासच वेळ असल्याचं आढळलं. तो तीन सेकंद किंवा अधिक केला की उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली, 'माहीत नाही' कमी झालं. त्यांनी दुसरा थांबाही मोजला होता, मुलाचं उत्तर संपल्यानंतरचा. तो बहुतेक जण विसरतात. मूल बोलून थांबलं की लगेच 'बरोबर' म्हणायचं नाही. पुष्कळदा त्या तीन सेकंदांत ते मूल स्वतःच 'कारण…' म्हणून पुढे बोलतं.

क्रम महत्त्वाचा आहे: प्रश्न, थांबणं, मग नाव. 'सांग अमुक, बाष्पीभवन म्हणजे काय?' असं विचारलं की नाव ऐकताच बाकीची मुलं विचार करणं सोडून देतात. आणि तीन सेकंद थांबून काही उपयोग होत नसेल, तर दोष सहसा प्रश्नात असतो. उत्तर पाठ असेल किंवा नसेल, अशा एका शब्दाच्या प्रश्नाला थांबून फायदा नाही. थांबा तिथे द्या जिथे विचार करण्यासारखं काही आहे.

पहिल्या आठवड्यात ही शांतता फार लांब वाटते. मनात मोजलेले तीन सेकंद प्रत्यक्षात बऱ्याचदा कमीच भरतात, म्हणून सुरुवातीला पाचपर्यंत मोजावं.

५. 'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. खरं कसं ओळखायचं?

हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर कधीच 'नाही' येत नाही. तासाच्या मध्यावर, पुढे जायचं की मागे हे ठरवायच्या जागी, असा प्रश्न ठेवा की चुकीची समजूत असलेलं मूल चुकीचंच उत्तर देईल. आणि सगळ्या मुलांचं उत्तर एकदम दिसलं पाहिजे: पाटीवर लिहून वर धरणं, किंवा पर्यायाइतकी बोटं छातीशी धरणं. हात डोक्यावर नेले की मुलं एकमेकांची बोटं पाहतात.

प्रश्न काळजीपूर्वक बनवावा लागतो. ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती? ज्याला वाटतं 'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या', तो ०.३५ म्हणेल आणि सापडेल. पण ज्याला वाटतं 'दशांशात कमी अंक म्हणजे मोठी संख्या', तो ०.४ म्हणेल, म्हणजे चुकीच्या कारणाने बरोबर. म्हणून जोडीला ०.४५ आणि ०.३ विचारा. दोन्ही बरोबर आली तर पुढे जा. विषयाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा ४० मिनिटं बसून असे चार-पाच प्रश्न बनवले, तर दोन वर्षांत शाळेचा स्वतःचा संच तयार होतो. आमच्या मते कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे प्रशिक्षण मोलाचं आहे.

६. वर्ग शांत करण्यातच तास संपतो. काय करावं?

गोंधळ तासभर सारखा नसतो. तो सांध्यांवर होतो: तास सुरू होताना, एक काम संपून दुसरं सुरू होताना, साहित्य वाटताना आणि शेवटच्या पाच मिनिटांत. जेकब कूनिन यांनी १९७० साली मांडलेलं निरीक्षण आजही उपयोगी आहे. बेशिस्त झाल्यावर शिक्षक काय करतात यात चांगल्या चालणाऱ्या आणि विस्कळीत वर्गांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: सगळ्या वर्गावर नजर असणं, एका वेळी दोन गोष्टी हाताळणं, कामाचा वेग न तुटणं.

म्हणून सांधे दुरुस्त करा. मुलं आत येण्याआधी फळ्यावर चार मिनिटांचं काम लिहिलेलं असावं, कालच्या पाठावरचं, कोणालाही विचारल्याशिवाय सुरू करता येईल असं. कोणतंही काम देताना काय करायचं, एकट्याने की जोडीने, किती मिनिटं, किती आवाजात आणि लवकर झालं तर पुढे काय, हे आधी सांगा. मग एका मुलाकडून ते वदवून घ्या. 'सुरू करा' हे शब्द सर्वांत शेवटी. सूचना देण्याआधी साहित्य वाटलं की सूचना कोणी ऐकत नाही. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की फक्त एवढी सुधारली तरी तासातली काही मिनिटं परत मिळतात.

एखादं मूल विचलित झालं तर लांबून नाव पुकारू नका. जवळ जा, हळू आवाजात काम दाखवा आणि तिथून निघा. उभं राहून वाट पाहिली की त्या मुलाला सगळ्यांसमोर माघार घ्यावी लागते आणि छोटी गोष्ट मोठी होते.

७. वर्गनिरीक्षण कसं करावं, की शिक्षकाला धास्ती वाटू नये आणि उपयोगही व्हावा?

आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलून एकच प्रश्न ठरवा, आणि तो शिक्षकाने ठरवावा: 'मागच्या दोन बाकांवरची मुलं किती वेळा बोलतात?' त्या प्रश्नापलीकडे काही नोंदवायचं नाही. मोह होतो, पण आवरावा. १५ ते २० मिनिटं पुरतात.

सगळ्यात मागे बसू नका, तिथून फक्त डोकी दिसतात. बाजूला, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील असं बसा. कागदाचे दोन रकाने करा: वेळ, आणि जे घडलं ते. विशेषणं लिहायची नाहीत. 'विद्यार्थ्यांचा सहभाग कमी' ही नोंद नाही, तो निवाडा आहे. '१०:१२, प्रश्न विचारला, एक सेकंद, उत्तर शिक्षकांनीच दिलं' ही नोंद. तिच्यावर वाद होत नाही आणि शिक्षक स्वतःच निष्कर्ष काढतो.

मध्ये बोलू नका, चूक झाली तरी. फळ्यावर विषयाची चूक राहिली असेल तर तास संपताच एकांतात सांगा, म्हणजे पुढच्या तासाला ती मुलांसमोर दुरुस्त होईल. नोंदींचा कागद शेवटी शिक्षकाला द्या. प्रत तुमच्याकडे राहणार नाही हे कळलं की पुढच्या वेळी दार आपोआप उघडं असतं.

८. निरीक्षणानंतर काय बोलावं? आधी कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक असं करावं का?

नको. शिक्षक तो साचा ओळखतात आणि कौतुकावरचा विश्वास उडतो. अभिप्राय हे दुधारी काम आहे. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायाने कामगिरी खालावलेली दिसली. अभिप्राय कामावरून घसरून माणसावर गेला की असं व्हायची शक्यता वाढते.

शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, २० मिनिटं बसा. नेमकी एक गोष्ट सांगा जी चालली आणि तिचा मुलांवर काय परिणाम झाला: 'तुम्ही उदाहरण अर्ध्यावर थांबवलंत, तेव्हा सात मुलांनी पुढची पायरी स्वतः लिहिली.' मग नोंदी पुढे ठेवा आणि 'यात काय दिसतं?' एवढंच विचारा. बदल एक ठरवा. उरलेली निम्मी वेळ, म्हणजे दहा मिनिटं, तो बदल करून पाहण्यात घालवा: तुम्ही विद्यार्थी, ते शिक्षक. मग पुढची तारीख. सराव वगळून चर्चाच लांबली तर शिक्षकाला सगळं पटतं आणि वर्गात जुनंच होतं. कारण प्रश्न २मध्ये आहे.

९. निरीक्षणावरून शिक्षकाला गुण किंवा श्रेणी द्यावी का?

सुधारणेसाठीच्या निरीक्षणाला नाही. अमेरिकेत सुमारे ३,००० शिक्षकांवर झालेल्या शिक्षकमापनाच्या मोठ्या प्रकल्पात दिसलं, की एका व्यक्तीने पाहिलेल्या एका तासावरचा गुण फारसा भरवशाचा नसतो. त्याच व्यक्तीने आणखी एक तास पाहण्यापेक्षा दुसरा तास दुसऱ्या व्यक्तीने पाहिला तर भरवसा अधिक वाढतो. सेवेच्या नियमांनुसार मूल्यमापन करावंच लागत असेल, तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, शक्यतो वेगळ्या माणसाने करावं. श्रेणी येणार असली की शिक्षक आपला सर्वांत तयारीचा पाठ दाखवतो, आणि अडलेली जागा झाकलेलीच राहते.

१०. शाळा लहान आहे, निरीक्षणाला माणूसच नाही. तर?

मोबाइल वापरा. आधी मुलांच्या चित्रणाबद्दल शाळेचे नियम आणि पालकांची लेखी परवानगी बघा, त्याशिवाय सुरू करू नका. मोबाइल पुढच्या कोपऱ्यात, मुलांकडे तोंड करून ठेवा. १० मिनिटं पुरेत. पहिल्यांदा पाहताना लक्ष स्वतःच्या आवाजाकडे आणि दिसण्याकडेच जातं, तो फेरा गृहीत धरा. दुसऱ्यांदा एकच गोष्ट मोजा, तिसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त मुलं पाहा. पाहून झालं की चित्रण पुसून टाका.

११. जपानी पद्धतीचा 'पाठ अभ्यास' म्हणजे काय? एकमेकांचे तास पाहणं हेच ना?

थोडं वेगळं आहे. जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. तिथे शिक्षकाचा नाही, पाठाचा अभ्यास होतो. तीन ते सहा शिक्षक एक पाठ मिळून बांधतात. मुलं कुठे अडतील, कोणती चुकीची उत्तरं देतील, हे आधी लिहून काढतात. एक जण शिकवतो, बाकीचे ठरलेल्या दोन-तीन मुलांचं काम टिपतात. मग पाठ दुरुस्त होतो. पाठ सगळ्यांनी मिळून बांधलेला असल्याने फसला तर दोष एकाच्या माथी येत नाही. सत्राला असा एक पाठ पुष्कळ झाला. घाई करून नियोजन एका बैठकीत उरकलं की त्याचं नुसतं आदर्श पाठाचं सादरीकरण होतं.

१२. वह्या तपासण्यातच संध्याकाळ जाते. कमी कसं करावं?

हिशेब मांडा. ४० वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दोन तास. असे दोन वर्ग असतील तर चार. इतकं करून बहुतेक मुलं फक्त गुण पाहतात. रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात ज्यांना नुसता लेखी शेरा मिळाला त्यांची आवड आणि कामगिरी टिकली वा वाढली. शेऱ्यासोबत गुण मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही.

रोजच्या कामासाठी सगळ्या वर्गाचा एकत्रित अभिप्राय वापरा. वह्यांवर काही न लिहिता प्रत्येक वही अर्धा मिनिट चाळा, ४० वह्या २० मिनिटांत होतात. शेजारी एका कागदाचे चार भाग करा: बऱ्याच जणांची सामायिक चूक, वाचून दाखवण्याजोगं उत्तर, ज्यांच्याशी वैयक्तिक बोलायचं अशी चार-पाच नावं, आणि चुकलेले शब्द किंवा संज्ञा. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्यावर द्या. सामायिक चूक फळ्यावर पुन्हा शिकवा, मग मुलांनी आपापल्या वहीत वेगळ्या रंगाने दुरुस्ती करावी. ही दुरुस्ती गाळली तर आधीचं सगळं व्यर्थ.

निबंध, प्रकल्प किंवा मोठी उत्तरं यांना वैयक्तिक शेरा हवाच, सत्रातून दोन-तीन वेळा. तेव्हा शेरा आधी द्या, मुलाने सुधारून आणल्यावर गुण द्या. हा बदल करण्याआधी पालकांना लिहून कळवा. लाल शाई दिसली नाही की 'वह्या तपासत नाहीत' अशी तक्रार येते आणि तिला उत्तर शाळेने द्यायचं असतं, एकट्या शिक्षकाने नव्हे.

१३. साधा थकवा आणि बर्नआउट यांत फरक कसा करायचा?

थकवा सुट्टीने उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट हा कामाशी निगडित प्रकार मानला आहे, आजार नव्हे. त्याची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. शिक्षकांत दुसरं लक्षण ओळखायची खूण म्हणजे मुलांबद्दल बोलण्याची भाषा. नावं जाऊन 'ती मागची टोळी' असे उल्लेख सुरू झाले, तर तो माणूस मुळात तसा नाही हे लक्षात घेऊन त्याच्यापाशी बसा.

झोप अनेक आठवडे बिघडलेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं, ते नैराश्य असू शकतं. स्वतःला इजा करण्याचे विचार बोलण्यातून आले, तर त्याच दिवशी मदत मिळवा. माणसाला एकटं सोडू नका.

१४. शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यासाठी शाळेने ताणमुक्तीची सत्रं ठेवावीत का?

ऐच्छिक आणि कामाच्या वेळेत असतील तर हरकत नाही. सुट्टीच्या दिवशी सक्तीचं ताणमुक्ती सत्र हा अन्याय आहे. पण आधी ताणाचं मूळ पाहा. दोन आठवडे प्रत्येक शिक्षकाने शिकवण्याबाहेरची कामं आणि त्यांची मिनिटं टिपावीत. मग प्रत्येक नोंदवही, अहवाल, तक्ता यांच्यासमोर एकच प्रश्न: मागच्या सत्रात हे कोणी वाचलं आणि वाचून काय बदललं? उत्तर नसेल तर ते बंद करा. तीच माहिती दोन ठिकाणी भरली जात असेल तर एक ठिकाण काढा.

आणखी दोन गोष्टींना खर्च नाही. शाळेच्या गटावर संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर संदेश टाकायचे नाहीत, आणि हा नियम मुख्याध्यापकांनी आधी पाळायचा. तसंच बदली तासांची उघड नोंद ठेवायची. मोकळा तास कोणाचा किती वेळा गेला हे दिसलं की तेच ते तीन नम्र शिक्षक दर वेळी भरडले जात नाहीत.

१५. दर महिन्याला घसा बसतो. आवाज कसा जपावा?

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला 'लोंबार्ड परिणाम' म्हणतात. म्हणून पहिला उपाय घशाचा नाही, खोलीचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गातल्या पार्श्वआवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. बहुतेक वर्ग त्याच्या कितीतरी वर असतात. खडखडणारा पंखा दुरुस्त करणं, रस्त्याकडची खिडकी सूचना देताना लावून घेणं, बाकांच्या पायांना रबर लावणं यांनी फरक पडतो. शांत करण्यासाठी आवाजाऐवजी ठरलेली खूण वापरा: वर केलेला हात, टाळीची लय. शांतता झाल्याशिवाय बोलायचं नाही.

पाणी थोडं थोडं दिवसभर प्या. घसा खाकरण्याऐवजी घोट घ्या. घसा बसल्यावर कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. शक्य तितकं गप्प राहा. आवाज तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

१६. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी काय द्यावं?

कमी तास, आणि सर्वांत अवघड वर्ग त्याच्या गळ्यात न घालणं. पुष्कळ शाळांत नेमकं उलटं होतं, कारण जुने शिक्षक आधी निवड करतात. मार्गदर्शक त्याच विषयाचा असावा आणि दोघांचा एक मोकळा तास एकाच वेळी असावा. तो वेळापत्रक बनवतानाच राखावा, नंतर सापडत नाही. पहिल्या महिन्यात फक्त तास सुरू करणं आणि सूचना देणं (प्रश्न ६), दुसऱ्यात प्रश्न विचारणं (प्रश्न ४). पाठ बांधायला तयार पाठ द्या, सगळं शून्यापासून बनवायला लावू नका.

१७. वीस वर्षं शिकवणारे सहकारी बदलायला तयार नाहीत. काय करावं?

त्यांनी आजवर किती 'नव्या पद्धती' येताना आणि गुंडाळताना पाहिल्या आहेत, ते आठवा. त्यांचा सावधपणा अनुभवातून आलेला असतो. पद्धत पटवून देऊ नका, त्यांना सलणारी अडचण विचारा: 'दरवर्षी मुलं कुठे चुकतात?' तिथून प्रश्न ५मधले प्रश्न बनवायला त्यांनाच घ्या. मुलांच्या चुकांची त्यांच्याइतकी माहिती नवख्याकडे नसते. विश्वास बऱ्याचदा आधी येत नाही, मुलांच्या वह्यांत फरक दिसल्यावर येतो.

१८. प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं खरं मानावं का?

नाही. 'वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के लक्षात राहतं' हा तक्ता अजून दाखवला जातो. तो एडगर डेल यांच्या १९४६च्या 'अनुभव शंकू'च्या नावावर खपवतात, पण त्या शंकूत टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कोणीतरी चिकटवली. मुलांना दृश्य, श्राव्य अशा 'अध्ययनशैलीं'नुसार वाटून शिकवलं की ती जास्त शिकतात, यालाही पुरेसा पुरावा नसल्याचं २००८च्या एका सविस्तर आढाव्यात दाखवलं गेलं. उलट, मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिणं दीर्घकाळ टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात दिसलं. तिथे पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. तज्ज्ञांना नम्रपणे विचारा: हे कोणत्या वयाच्या मुलांवर, कशाशी तुलना करून तपासलं?

१९. शाळेत मृत्यू किंवा अपघातासारखी घटना घडली, तर शिक्षकांसाठी लगेच काय करावं?

सगळ्यांना एकत्र बसवून 'काय वाटलं ते बोला' अशी सक्ती करू नका. अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींना त्रासच होतो. खरी माहिती एकाच व्यक्तीने, एकाच वेळी, सगळ्या शिक्षकांना मुलांच्या आधी सांगावी. वर्गात काय सांगायचं ती तीन-चार वाक्यं लिहून द्यावीत. ज्याला बोलणं जमणार नाही त्याच्या वर्गावर दुसरा जाईल, कारण न विचारता. नंतर ज्याला बोलायचं असेल त्याचं ऐकावं. दोन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करावी, कारण तोवर बाकीच्यांच्या लेखी विषय संपलेला असतो.

२०. शिक्षकाने मार्गदर्शकाला विश्वासाने काही सांगितलं आणि मुख्याध्यापकांनी ते विचारलं, तर?

'आमच्या बैठका झाल्या, या विषयावर काम चालू आहे' एवढंच सांगावं. बाकी शिक्षकाच्या परवानगीशिवाय नाही. हे मुख्याध्यापक, मार्गदर्शक आणि शिक्षक यांनी वर्षाच्या सुरुवातीला अर्ध्या पानावर लिहून तिघांनी सही करावी. मधेच नियम बनवायला गेलं की संशय येतो.

दोन अपवाद त्या कागदावर पहिल्यांदाच लिहावेत: एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेला धोका असेल, किंवा शिक्षकाच्या स्वतःच्या जिवाला. तेव्हा मार्गदर्शक गप्प राहू शकत नाही. पण त्याने आधी शिक्षकालाच सांगावं, 'हे मला पुढे सांगावं लागेल, तुम्ही सोबत येता का?' असं विचारावं, आणि मग दोघांनी मिळून दार वाजवावं. मुलाला तातडीचा धोका असेल किंवा तक्रार त्या शिक्षकाबद्दलच असेल, तर मात्र सोबतीची वाट न पाहता थेट कळवावं.